वेबलॉगचं लाकूड

चालत्या होडीच्या मागच्या टोकावरून लाकडाची फळी पाण्यात टाकायची, फळीला बांधलेला गाठींचा दोर हातातून सुटू द्यायचा, आणि अर्ध्या मिनिटात किती गाठी सुटल्या ते मोजून होडीचा वेग सांगायचा. हा उद्योग गेवराई तालुक्यात आमच्याआधी कोणी केला नव्हता. आमच्यानंतर कोणी करणार नाही, याची व्यवस्था मात्र आम्ही पक्की करून ठेवली आहे.

माझं लोखंडी सामानाचं दुकान. खिळे, फावडी, घमेली, दोरखंड. दोर घ्यायला गिऱ्हाईक आलं की मी एकच विचारतो, "कशाला पाहिजे?" बैलाला वेगळा, विहिरीला वेगळा, उसाच्या मोळ्यांना वेगळा. माणूस कशासाठी दोर घेतो यावरून त्याचं सालभराचं गणित मला कळतं, असा माझा दावा आहे. आमचे शेजारी विश्वेश्वर सर दोर घ्यायला आले तेव्हाही मी विचारलं, "कशाला पाहिजे, सर?"

सर म्हणाले, "इंग्रजीला."

सरांनी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवण्यात घालवली. निवृत्त झाले ते फक्त पगारातून. चुकीचं इंग्रजी दिसलं की ते भर बाजारात थांबत आणि दुरुस्त केल्याशिवाय पुढं जात नसत. लग्नपत्रिका द्यायला आलेला माणूस त्यांच्या दारातून पत्रिका परत घेऊन जाई आणि प्रेसवाल्याशी भांडे. माझ्या दुकानाची पाटी त्यांनी दोनदा पुन्हा रंगवायला लावली. रंगाऱ्याचे पैसे मी दिले, समाधान त्यांना मिळालं. शेजारधर्माच्या खात्यात अशा रकमा येत नाहीत म्हणून मी त्या सोडून दिल्या.

त्यांची मुलगी शिवानी. एकुलती एक, आणि आई लवकर गेलेली. बाप-लेकीत एक खेळ होता. नवा इंग्रजी शब्द आला की सर आधी वस्तू दाखवणार, मग शब्द सांगणार. पोरगी वस्तूकडं बघून, चाचपून, डोकं खाजवून शब्दापर्यंत पोचली की दोघं टाळी देणार. 'लिव्हर' शिकवायला त्यांनी तिला माझ्याच दुकानात आणलं, हातात पहार दिली आणि खिळ्यांचं पोतं उचलायला लावलं. पोतं उचललं गेलं, आणि फाटलंही. पुढं कित्येक दिवस आमच्या गिऱ्हाइकांच्या चपला पंक्चर होत होत्या. पण पोरीला शब्द कळला. अशी शिकलेली पोरगी पुढं पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली यात नवल नाही.

नवल पुढं झालं. शब्द उलट्या दिशेनं यायला लागले. एका रविवारी शिवानी फोनवर म्हणाली, मी हल्ली वेबलॉग लिहिते. सरांनी विचारलं, "म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "दादा, ते इंटरनेटवरचं असतं. तुम्हाला नाही कळायचं," आणि फोन ठेवला.

तो फोन सर महिनाभर कानात घेऊन हिंडत होते. दुकानात बसून मला म्हणाले, "अप्पा, चष्म्याचा नंबर वाढला, वाईट वाटलं न्हाई. पेन्शनीच्या कागदात नाव चुकलं, वाईट वाटलं न्हाई. पण इंग्रजी शब्द, अन् मला कळायचा न्हाई? अन् कोण सांगतंय?"

मी म्हणालो, "लेकरू घाईत असंल, सर."

"घाईत असू दे. शब्द कुठं जातो? मी काढतो उकरून."

आणि काढला. वेब म्हणजे जाळं, इथवर अडचण नव्हती. लॉगजवळ गाडी अडली, कारण त्यांच्या घरच्या डिक्शनरीत लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जाळ्यातला ओंडका! सर दोनदा बीडला जाऊन आले, एका कॉलेजच्या लायब्ररीत बसले, आणि परत आले ते थेट दुकानात. फावडं घ्यायला आलेला एक माणूस समोर उभा होता. त्याला तसाच उभा ठेवून सरांनी मला सांगितलं की जुन्या काळी जहाजावर वेग मोजायला यंत्र नव्हतं. खलाशी दोर बांधलेलं लाकूड मागं समुद्रात टाकायचे. लाकूड जागच्या जागी तरंगायचं, जहाज पुढं जायचं, दोर सुटत जायचा. किती गाठी सुटल्या ते वहीत लिहायचं. लाकडाचं नाव लॉग, म्हणून त्या वहीचं नाव लॉगबुक, मग नुसतंच लॉग. पुढं कोणतीही रोजची नोंद म्हणजे लॉग. ती इंटरनेटच्या जाळ्यावर लिहिली की वेबलॉग. आणि आता तेवढंही तोंडाला जड झालं म्हणून पोरांनी त्याचं शेपूट धरून ब्लॉग केलंय.

"म्हणजे रोजमेळ," मी म्हणालो.

"रोजमेळच! पण लाकडापासून निघालेला." सरांचे डोळे लकाकत होते. फावडंवाला म्हणाला, "सर, माझ्या फावड्याला दांडा लाकडाचाच द्या म्हणजे झालं."

शिवानी दसऱ्यानंतर दोन दिवसांसाठी येणार होती आणि मग कंपनीकडून अमेरिकेला जाणार होती. परत कधी, ते कंपनीलाच माहीत. सरांचा बेत असा: तिला गोदावरीवर न्यायचं, होडीत बसवायचं, काही न सांगता लाकूड पाण्यात टाकायचं. गाठी मोजायच्या, वहीत लिहायच्या, आणि विचारायचं, बोल, शब्द कोणता?

"मला दुसरं काही नको, अप्पा. 'दादा, तुम्हाला कसं कळलं?' एवढं तिनं म्हणलं, की ती खुशाल अमेरिकेला जाऊ दे."

त्यांनी मला कपिलधारच्या देवस्थानाची शपथ घातली की तिच्यासमोर तोंडातून अक्षर काढायचं नाही. मी घेतली. आमच्यात कपिलधारची शपथ सहसा कोणी मोडत नाही, आणि मोडली तर निदान वेळ बघून मोडतो. माझी वेळ चुकणार होती.

तयारीला लागलो तसे सल्ले सुरू झाले. समोरच्या केशरबाईंनी सुताराकडून आलेली फळी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "पाट हाय तर पाय कुठं हायेत?" फळी उभी तरंगावी म्हणून कडेला शिसं ठोकलं होतं, ते पाहून सुतारानं सरांना डॉक्टरांचं नाव सुचवलं. अर्धं मिनिट मोजायला हातातलं घड्याळ चालणार नव्हतं, कारण खलाश्यांकडं ते नव्हतं. म्हणून टॉनिकच्या दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून वाळूचं घड्याळ करायचं ठरलं. बांधकामावरची वाळू जाड निघाली, अडकायला लागली. सर म्हणाले, बारीक वाळू नदीवरच गाळून घेऊ. दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारल्या, आणि गाठ लांबून दिसावी म्हणून प्रत्येक गाठीला लाल फडक्याची पट्टी बांधली. ही शेवटची कल्पना माझी.

आमच्या मंडळी, गंगासागर, हे सगळं पाहून एवढंच म्हणाल्या, "लेकरू दोन दिवसाला येणार. त्याला पुरणपोळी करून घाला, शेजारी बसून दोन शब्द बोला. लाकूड कावून दावता?"

सगळ्या सल्ल्यांत शहाणा हा एकच होता. त्यामुळे तो कोणी ऐकला नाही. आज मला हळहळ वाटते ती याचीच.

गोदावरीकाठच्या सावरडोह गावी आम्ही जीपनं सकाळी पोचलो. शिवानीच्या गळ्यात नवा कॅमेरा. रात्रीच्या गाडीनं तिला पुण्याला निघायचं होतं, म्हणजे हाती होता तो हाच दिवस. नदीला पाणी चांगलं होतं. होडीवाला बंकट तयार होता. आणि त्या वर्षी सावरडोहच्या वाळूचा लिलाव व्हावा की होऊ नये यावरून गावात दोन तट पडले होते, हेही अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. मलाही होतं. मी माणसं ओळखण्यात चुकत नाही. त्या दिवशीही सगळ्यांना बरोबर ओळखलं. आपण लांबून कसे दिसतो, एवढंच बघायचं राहिलं.

दिसत होतो ते असे. पांढऱ्या शर्टातले एक वयस्क गृहस्थ काठावर उकिडवे बसून रुमालातून वाळू गाळून बाटलीत भरतायत आणि बाटली उन्हात धरून बघतायत. दुसरे एक गृहस्थ, म्हणजे मी, लाल पट्ट्यांचा दोर वाळवंटात लांब पसरून टेप लावून मोजतायत. आणि शहरातली एक बाई नदीचे फोटो काढतेय.

पहिल्यांदा आला सिदू. लिलावाच्या विरोधातला. मागं दहा-पंधरा माणसं.

"राम राम. कोणत्या खात्याचे, साहेब?"

"शिक्षण," सर म्हणाले.

"शिक्षण खात्याला वाळू कावून लागती?"

"वाळू नको आम्हाला," मी म्हणालो.

"मग बाटलीत काय हाय?"

सर म्हणाले, "ती वेळ मोजायला."

सिदूनं मागं वळून आपल्या माणसांकडं पाहिलं. "ऐकलं का बे? वाळूनं वेळ मोजायलेत. आमी काय दूधपितं लेकरू हाय का, साहेब? अन् ह्या दोराच्या गाठी?"

मी सरांकडं पाहिलं. शिवानी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ऐकत होती. सरांनी डोळ्यानंच नाही म्हणून सांगितलं. मी म्हणालो, "दोर उसवू नये म्हणून मारल्यात." सगळी हयात दोर विकणाऱ्या माणसानं हे वाक्य बोलावं! माझ्या दुकानाची अब्रू त्या वाक्याला गेली.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं आप्पाराव आले. यांना लिलाव पाहिजे होता. यांच्याबरोबर चहाची किटली, आणि कुठून पैदा केला देव जाणे, एक हार. त्यांनी तो सरांच्या गळ्यात घातला.

"मोजा, साहेब, मोजा! लई वाळू हाय आमच्या गावात. खोल मोजा. कुणाला भ्यायचं न्हाई."

"कोण खोल मोजतंय ते बघतोच की," सिदू म्हणाला.

"तू कोण बघणार बे? सरकारी माणसाला आडवा जातो?"

"सरकारी न्हाईत ते. तुमी आणलेले हायेत."

"मी आणले? मला तर आता चहा आणायला लागला!"

दोन्ही तट एकमेकांवर धावून जायचे ते आमच्या अंगावरून जायचे. बंकटनं होडीतला लांब बांबू काढून खांद्यावर घेतला. "मी होडी सोडत न्हाई, सर. मला दोनी पार्टीचं गिऱ्हाईक हाय." होडी त्या दिवशी दोराच्या पहिल्या गाठीएवढीसुद्धा हलली नाही.

शिवानी जवळ आली. "दादा, आपण नक्की कशाला आलोय इथं?"

गळ्यात हार, हातात बाटली. सर म्हणाले, "तुला नदी दाखवायला."

दुपारी तलाठी आले आणि आम्हाला चावडीत नेलं. दोन्ही तटांनी अर्ज दिले होते. एकाचं म्हणणं, यांना अटक करा. दुसऱ्याचं, यांना काम करू द्या. तलाठी नवा, तरुण, नियमाला धरून चालणारा. त्यानं पंचनामा लिहायला घेतला आणि पंच शोधायला लागला. सिदूचा माणूस आप्पारावांना चालेना, आप्पारावांचा सिदूला. कोणत्याच तटाचा नसलेला, लिहिता-वाचता येणारा, पत असलेला माणूस पाहिजे होता. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुम्ही व्हा, शेठ."

"अहो, पण पंचनामा माझ्यावरच आहे ना?"

"इसम म्हणून एक सही करा, पंच म्हणून एक. जागा वेगळ्या आहेत."

माझ्या आयुष्यात मी बऱ्याच पंचनाम्यांवर सह्या केल्या. चोऱ्या, जळीत, एकदा हरवलेली म्हैस. पण 'सदर इसम संशयास्पद हालचाली करताना आढळला' याच्याखाली त्याच इसमानं 'वरील मजकूर माझ्यासमक्ष घडला' म्हणून सही करायची, हा मान मलाच मिळाला. घडलं होतं माझ्यासमक्षच, हे खरं.

फळी जप्त झाली: 'लाकडी नग एक, कडेस शिसे, प्रयोजन अज्ञात.' दोर जप्त झाला. बाटल्या 'वाळूचा नमुना' म्हणून सील झाल्या. शेवटी तलाठ्यानं विचारलं, "उद्देश काय लिहू?"

आणि इथं सगळं अडलं. खरं एक वाक्य सांगितलं असतं तर बहुतेक सुटलो असतो. पण शिवानी सरांच्या शेजारी बसली होती. सर गप्प. मी शपथेत. सर माझ्या कानात म्हणाले, "ती जरा बाहेर गेली की सांगून टाकतो." पण ती बाहेर जाईना. बाप अडचणीत असताना लेक उठून कशी जाईल? ती त्यांचा दंड धरून बसली होती. तिनं सोडू नये म्हणून तो दंड सरांनीही हलवला नाही. तिनं जावं म्हणून ते वाट बघत होते, आणि ते सुटावेत म्हणून ती बसून राहिली होती. घड्याळ पुढं सरकत होतं. माझ्या हिशेबानं त्या दिवसात बाप-लेकीची सगळ्यात जवळची बैठक तीच झाली, आणि तीत कोणी कोणाशी बोललं नाही.

तिसऱ्या प्रहरी बायकांनी तिला बळंच चहाला नेलं. ती उंबऱ्याबाहेर पडली आणि सरांनी श्वास न घेता सगळं सांगितलं. जहाज, समुद्र, लाकूड, गाठी, वही, इंटरनेट, पोरगी. तलाठ्यानं लेखणी खाली ठेवून ऐकलं. मग समजुतीच्या आवाजात म्हणाला, "सर, वाळूच न्यायला आला असाल तर तसं सांगा. ते लिहायला सोपं जातं."

अखेर माझ्या हमीवर सुटका झाली. म्हणजे इसम मी, पंच मी आणि जामीनही मी. उद्देशाच्या जागी तलाठ्यानं 'नदी पाहणे' असं लिहिलं. बाहेर आलो तर जीपवाला पळून गेला होता. आप्पारावांच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून आम्ही निघालो. शिवानीच्या केसांत वाळू, सरांच्या गळ्यात अजून तो हार. काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं हळूच काढला आणि मांडीवर घडी करून ठेवला. सर तोंड फिरवून मागं पडणाऱ्या नदीकडं बघत राहिले. सांगायचं असतं तर ट्रॉलीत सांगता आलं असतं. मी कोपरानं ढोसलंही. ते पुटपुटले, "लाकूड न्हाई, अप्पा. नुसता शब्द काय सांगू?"

घरी जाऊन बॅग घेतली, गंगासागरनं पुरणपोळ्या बांधून दिल्या, आणि स्टँडवर आलो. पुण्याची गाडी लागलेली होती. शिवानीला खिडकीची जागा मिळाली. सर खाली उभे. खिडकीतून बाप-लेकीचं जे बोलणं होतं ते झालं: पाणी घे, स्वेटर वर ठेव, पोचल्यावर फोन कर. मग ते संपलं आणि गाडी काही सुटेना.

"दादा," ती एकदम म्हणाली, "तुम्ही मागं विचारलं होतं ना, वेबलॉग म्हणजे काय? मी तेव्हा मीटिंगला पळत होते हो. सांगू?"

"सांग की."

"सोपं आहे. वेब म्हणजे इंटरनेट. आणि लॉग म्हणजे नोंद, रोज लिहायची वही. डिक्शनरीत बघाल तर लाकडाचा ओंडका दिसेल. तो धरू नका हं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दोन शब्द सारखे दिसतात, एवढंच."

मी तोंड उघडलं. सरांनी माझं मनगट असं दाबलं की दोन दिवस दुखत होतं.

"असं होय?" सर म्हणाले. "मी ओंडकाच धरून बसलो असतो बघ. अन् मग त्याला ब्लॉग कावून म्हणतात?"

तिनं तेही सांगितलं. सरांनी आणखी विचारलं. त्यात काय लिहितात, कोण वाचतं, खोडता येतं का. ज्यांची उत्तरं पाठ होती तेही प्रश्न त्यांनी विचारले, आणि नव्हती तेही. ती खिडकीतून अर्धी बाहेर झुकून, हातवारे करून सांगत होती. मधे थांबून विचारत होती, कळलं का? सर मान हलवत होते. कंडक्टरनं घंटी दिली तरी ती बोलतच होती.

गाडी वळणावरून गेली. सर रिकाम्या फलाटावर उभे राहिले.

"पोरगी समजावून लई छान सांगती, अप्पा."

माझ्याच्यानं राहवेना. म्हणालो, "सर, पण चुकीचं सांगितलं की तिनं."

"हां," सर म्हणाले. "पण सांगितलं."